तिठ्यावरचा वेटर

मुंबईहून गोव्याकडे निघालं आणि खारेपाटण, तळेरे मागे पडलं, की नांदगाव येतं. इथे महामार्गावरून देवगडचा रस्ता फुटतो, म्हणून हा नांदगाव तिठा. तीन रस्ते भेटतात तो तिठा. मालवणी मुलखात असे तिठे गावोगाव आहेत, आणि तिठा म्हटला की चहाची टपरी, रिक्षा, एसटीची वाट बघणारी माणसं हे सगळं आलंच. त्याच्या आसपास कुठेतरी ‘परमिट रूम’ अशी पाटीही आली.

समजा, शनिवारची रात्र आहे. अशाच एका तिठ्याजवळच्या बारमध्ये दोन टेबलं भरलीत. एकावर पुण्याहून आलेले तिघं तरुण. सकाळी तारकर्लीला स्कूबा करायचंय, म्हणजे अजून कणकवली, कसाल, मालवण एवढी वाट बाकी आहे. कारची चावी टेबलावर, चकण्याच्या बशीशेजारी पडलीय. दुसऱ्या टेबलावर शिरगावच्या बाजूचा एक गृहस्थ एकटाच बसलाय. त्याची मोटरसायकल बाहेर माडाला टेकवलेली आहे. घर देवगडच्या रस्त्याला, अंधारातून वळणावळणानं जायचं.

या घडीला त्या खोलीत एकच माणूस असा आहे, की ज्याला सगळं ठाऊक असतं. चावी कोणाच्या पुढ्यात आहे, कोणी किती लार्ज घेतले, किती वेळात घेतले, जेवण मागवलं की नुसत्या शेंगदाण्यांवर चाललंय, आवाज केव्हा चढला, बाथरूमला जाताना कोणाचा पाय खुर्चीला अडखळला. तो माणूस म्हणजे वेटर. पुढे रस्त्यावर हवालदार भेटला तर त्याच्या यंत्राला फक्त एक आकडा कळेल. आणि हवालदार भेटलाच नाही, तर हे सगळं ठाऊक असलेला शेवटचा माणूस बिलाच्या थाळीत बडीशेप घालून कधीच मागे राहिलेला असतो.

या प्रकरणाचा विषय तो वेटर आहे. दारू पिऊन गाडी चालवू नये हे आपण चालवणाऱ्याला सांगतो, तेही फलकावर आणि बहुधा यमराजाचं चित्र काढून. ओतणाऱ्याला काही सांगावं, शिकवावं, त्याच्या हातात काही अधिकार द्यावा, हे आपल्याकडे फारसं सुचलेलं नाही.

आधी हिशेब, कारण बारमध्ये सगळ्यात जास्त चुका हिशेबातच होतात. व्हिस्की किंवा रममध्ये आपल्याकडे साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या एका स्मॉलमध्ये म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. लार्जमध्ये २० ग्रॅम. १८० मिलीची क्वार्टर, जिला चपटी म्हणतात, तिच्यात ६० ग्रॅम. आणि ‘मी काय, नुसती बिअरच घेतली’ म्हणणाऱ्याच्या ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत, ती आठ टक्क्यांची असेल तर, ४० ग्रॅमच्या वर. बाटली एक, पण आत चार स्मॉल. बिअरला सौम्य समजणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट बघावा.

पोटात गेलेल्या ग्रॅमवरून रक्तातलं प्रमाण काढण्याची रीत एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञानं बसवून दिली. ती ढोबळ आहे, पण कामाला येते. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात एका स्मॉलनं दर १०० मिलीमागे सुमारे २५ मिलिग्रॅम अल्कोहोल चढतं. एका लार्जनं ५०, स्ट्राँग बिअरच्या बाटलीनं १००, क्वार्टरनं १५० च्या घरात. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे ५० किलोच्या बाईचा आकडा एका स्मॉललाच ३५ च्या पुढे जातो. पोट भरलेलं असेल तर चढ मंदावते, एवढंच. उतरण मात्र कोणाच्या हातात नाही. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याचा शिडकावा यांनी माणूस जागा होतो. रक्तातलं अल्कोहोल आपल्याच चालीनं उतरतं.

आता कायद्याची रेषा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. ‘दोन पेग चालतात’ ही जी समजूत टेबलाटेबलावर ऐकू येते, ती या रेषेशी ताडून बघा. दोन स्मॉल झाले की बहुतेक पुरुष रेषेपलीकडे असतात, आणि आपल्याकडे ‘दोन पेग’ म्हणजे दोन लार्ज धरायची पद्धत आहे.

त्याच कायद्यात थोडं पुढे कलम १८८ आहे. ते फारसं कोणी वाचत नाही. कलम १८५ च्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा साथ देईल, त्यालाही तीच शिक्षा, असं ते सांगतं. चालवणाऱ्याला आग्रहानं पाजणारा मित्र त्यात बसू शकतो. डुलणाऱ्या गिऱ्हाइकाला चावी दिसत असताना आणखी एक भरून देणारा बार बसेल का, याचा कीस अजून कोणी पाडलेला नाही. कलम मात्र पुस्तकात आहे.

आपल्या व्यवस्थेनं दारू आणि रस्ता यांच्यात फूटपट्टी ठेवून पाहिली. चंदीगडचे हरमन सिद्धू अपघातात अपंग झाले, त्यांच्या ‘अराइव्ह सेफ’ या संस्थेनं महामार्गावरच्या दारूविरुद्ध कोर्टात लढा दिला, आणि १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. ३१ मार्च २०१७ ला दुसरा आदेश आला. त्यात बार आणि रेस्टॉरंटही या मनाईत आले, पण वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आणलं गेलं. नांदगावसारख्या गावाला हे दुसरं माप लागू झालं. मग जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींबाबत राज्यांनी ठरवावं असं झालं. सव्वा वर्षात फूटपट्टी बरीच वाकली.

मधल्या काळात लोकांनी काय काय केलं! राज्यांनी महामार्गांचे दर्जे बदलून त्यांना साधे रस्ते करून टाकलं. केरळात एका बारनं रस्ता आणि दार यांच्यामध्ये नागमोडी भिंतींचा चक्रव्यूह उभा केला, का तर अंतर चालण्याच्या वाटेनं मोजतात. गिऱ्हाईक तेवढी प्रदक्षिणा घालून आत जायचं, तेवढीच घालून बाहेर यायचं, आणि गाडीत बसायचं.

सिद्धूंचा मुद्दा चुकीचा नव्हता. ट्रक घेऊन चाललेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी पाटी दिसली तर कुठेतरी पाय ब्रेकवर जाणारच. पण अंतराची ही युक्ती वाटसरूपुरती आहे. शिरगावच्या त्या गृहस्थाला बार कुठे आहे ते पाटीवाचून माहीत असतं. २२० मीटर म्हणजे तीन मिनिटांची चाल, आणि मोटरसायकलवर तर ती चालही नाही.

दुसरी फूटपट्टी त्याहून जुनी आहे. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचा अर्थ विसरलो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि तो असलेल्यानंच त्या खोलीत बसावं, ही मूळ कल्पना. आजही पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना कागदोपत्री जिवंत आहे. कडक दारूसाठी वय २५, बिअरसाठी २१. बारमध्ये काम करणाऱ्याचीही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे नोंद लागते. त्या कागदाला नोकरनामा म्हणतात. मला या शब्दाची मोठी गंमत वाटते. पिणारा कोण, पाजणारा कोण, दुकान रस्त्यापासून किती मीटरवर, या सगळ्याचा कागद आहे. प्यालेला घरी कसा जाणार, हे विचारणारा रकाना कुठल्याच कागदावर नाही.

हा रकाना रिकामा राहिला की काय होतं, ते १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात दिसलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. पुढच्या तपासात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे रस्त्यानंतरचा पुरावा, जो शास्त्रशुद्ध मानायचा, तोच संशयात आला. टेबलावरचा पुरावा मात्र तिथेच होता: बारमधलं चित्रीकरण, बिल, आणि ज्यांनी ओतलं ती माणसं. वयाची खात्री न करता दारू दिल्याबद्दल बारचे चालक आणि व्यवस्थापक पकडले गेले. जुलैमध्ये वरळीत कारखाली एका स्त्रीचा जीव गेला, तेव्हाही पंचविशीच्या आतल्या तरुणाला दारू दिल्याबद्दल बारवर कारवाई झाली. दोन्ही वेळा बारला विचारलेला प्रश्न एकच, वय किती होतं? तो तरुण सव्वीसचा असता आणि तितकाच प्यालेला असता, तर बारला कोणी काय विचारलं असतं?

जपाननं हा प्रश्न विचारला. तिथली रेषा आपल्याइतकीच, रक्तात ३० मिलिग्रॅमच्या तोलाची. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका शहरात पुलावरून जाणाऱ्या एका कुटुंबाच्या गाडीला मद्यधुंद चालकानं मागून धडक दिली. गाडी समुद्रात पडली आणि तीन लहान मुलं बुडाली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. गाडी चालवणार हे माहीत असून दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसून जाणारा, तिघांनाही कैदेची तरतूद झाली. पाजणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत. तेव्हापासून तिथल्या खाणावळींत ‘आज गाडी कोण चालवणार?’ हा प्रश्न अगत्याचा भाग झाला. ग्रामीण जपानात, जिथे रात्री बस नाही, तिथे दाइको नावाचा धंदा आधीपासून होता. फोन केला की एका गाडीतून दोघं येतात, एक जण तुमची गाडी चालवत तुम्हाला घरी नेतो, दुसरा मागून येऊन त्याला परत घेतो. गाडी आणि माणूस दोन्ही घरी. दुसऱ्या दिवशी गाडी आणायची कटकट नको, म्हणून तर माणसं पिऊन चालवतात. दाइकोनं ती सबबच काढून घेतली.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली. मॉरिस शेफेट्झ या मनोविकारतज्ज्ञानं १९८२ मध्ये वेटर आणि बारटेंडरसाठी प्रशिक्षण सुरू केलं: चढत्या नशेची लक्षणं कशी ओळखावीत, आणि अपमान न करता नाही कसं म्हणावं. १९८६ च्या अखेरीपासून ओरेगन राज्यानं दारू वाढणाऱ्या प्रत्येकाला असं प्रशिक्षण सक्तीचं केलं. हॅरॉल्ड होल्डर आणि अलेक्झांडर वॅगनार यांनी त्याचा परिणाम मोजला. मोजायला त्यांनी रात्रीचे एकट्या वाहनाचे अपघात घेतले. रात्री समोर कोणी नसताना गाडी झाडावर गेली, तर त्यात दारू असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सहा महिन्यांत असे अपघात ४ टक्क्यांनी घटले, वर्षात ११, तीन वर्षांत २३ टक्क्यांनी. ही घट एकदम आली नाही, प्रशिक्षित वेटरांची संख्या वाढत गेली तशी आली.

स्टॉकहोमची कहाणी मला अधिक शिकवणारी वाटते, कारण ती प्रशिक्षणाच्या मर्यादाही दाखवते. १९९६ मध्ये तिथे संशोधकांनी नटांना पूर्ण झिंगल्याचं सोंग घेऊन बारमध्ये पाठवलं आणि बिअर मागायला लावली. शंभरातल्या पाचच वेळा नकार मिळाला. बाकी ठिकाणी वेटरनं मुकाट्यानं बिअर आणून दिली. मग प्रशिक्षण आलं, पण नुसतं वेटरांचं नाही. मालक, पोलीस, परवाना देणारं खातं, सगळे एका टेबलाशी बसले, आणि तपासण्या सुरू राहिल्या. १९९९ मध्ये नकाराचं प्रमाण ४७ टक्क्यांवर गेलं, २००१ मध्ये ७० वर. वेटरचं मन बदलायला दोन दिवसांचा वर्ग पुरतो. ते बदललेलं राहायला मात्र गल्ल्यावरचा शेठ आणि दारातला अधिकारी दोघांचं पाठबळ लागतं.

आता हे सगळं घेऊन नांदगावला परत येऊ. इथे ओरेगन नाही. वेटर बहुधा बाहेरगावचा, पगार बेताचा, खरी कमाई टीपवर. टीप बिलाबरोबर वाढते आणि बिल पेगबरोबर. ‘साहेब, आता पुरे’ म्हणणं म्हणजे आपल्याच ताटातला घास काढणं. शिवाय तिघं तरुण आणि समोर एकटा पोरगेला वेटर. शब्दाला शब्द वाढला तर मार त्यालाच पडणार. म्हणून कामाच्या युक्त्या भांडणाआधीच्या असतात. पाणी आणि पापड ठेवतानाच हसत विचारायचं, ‘गाडी कोण चालवणार, दादा?’ पहिल्या घोटाआधी या प्रश्नाचं उत्तर माणूस खरं देतो, तिसऱ्या लार्जनंतर तो आव्हान समजतो. चालवणाऱ्यापुढे सोलकढीचा ग्लास आपणहून ठेवायचा. सुरमई उशिरा नाही, लवकर आणायची. पेग ‘मेजर’नंच भरायचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाला अंदाजानं चढता हात देणं ही आपुलकी नव्हे. ग्लास रिकामा दिसला की झेप घालून विचारायचं नाही, जरा वेळ नजरेआड राहायचं. वेटरला मंद म्हणतील, म्हणू देत. आणि नाही म्हणायची वेळ आलीच, तर ती सगळ्यांसमोर नाही. टोळक्यातल्या सगळ्यात शुद्धीतल्या माणसाला बाजूला घेऊन, आणि तेही कॅप्टननं किंवा शेठनं.

गावच्या माणसाशी हीच गोष्ट फार सोपी असते. शिरगावच्या त्या गृहस्थाला गल्ल्यावरून हाक येते:

“अण्णा, आता बस झाला हां. चावी हय ठेय.”

“माका काय झालेला नाय.”

“नाय तर नाय. रिक्षेक फोन केलंय. गाडी हयच ऱ्हवांदे, सकाळी येवन घेवन जा.”

इथे कायद्याचं नाव कोणी घेत नाही. गल्ल्यावरच्याला अण्णांची वाडी ठाऊक आहे, त्यांच्या घरी फोन कोण उचलेल तेही ठाऊक आहे, आणि उद्या काही झालं तर त्याच घरात तोंड दाखवायला जायचं आहे. ओरेगनला जे वर्गात शिकवावं लागलं, ते इथल्या नात्यात आधीपासून आहे. पण ते नात्यापुरतंच. पुण्याच्या तिघांना हा शेठ कोण? त्यांच्या चाव्यांवर त्याचा कसला हक्क? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, महामार्ग रुंद झाला, चिपीला २०२१ मध्ये विमान उतरू लागलं, आणि अण्णांपेक्षा अनोळखी गिऱ्हाईक वाढत गेलं. जिथे ओळख संपते तिथे नियम लागतो, आणि आपला नियम वयापाशी आणि मीटरपाशी थांबलाय.

शेजारी गोव्यात २०२२ मध्ये वाहतूक मंत्री माविन गुदिन्हो म्हणाले होते, की प्यालेल्या गिऱ्हाइकाला टॅक्सीनं घरी पोचवण्याची जबाबदारी बारमालकांनी घ्यावी. कल्पना चांगली. पण रात्री अकराला नांदगावला टॅक्सी कुठून आणणार? मोबाइलमधलं ॲप मुंबईत चालतं; इथे रिक्षावाल्याचा नंबर गल्ल्यावर भिंतीला लिहिलेला असेल तीच टॅक्सी. तिठ्यावरच्या दोन-चार रिक्षावाल्यांशी महिन्याचं ठरवलं, शनिवार-रविवार आणि शिमगा-गणपतीच्या दिवसांत एक जण उशिरापर्यंत थांबला, त्यातला एखादा कारही चालवणारा निघाला, तर ती आपली दाइको झाली. बऱ्याच बारच्या वर लॉजिंग असतंच. रात्रीपुरती खोली स्वस्तात देऊन दोन माणसं रस्त्यावरून काढून घेतली, तर मालकाचंही काही बुडत नाही. वाईन शॉपमधून बाटली घेऊन गाडीतच बसणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला ना वेटर, ना गल्ला. तिथे हवालदाराची फुंकर-यंत्रणाच हवी, आणि ती मुंबईत २००७ पासून नेटानं चालली तशी जिल्ह्याच्या रस्त्यांवरही हवी.

सरकारी आकडे बघून कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात दारूच्या नावावर मांडलेली अडीच टक्क्यांच्या आसपास. बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. पण पंचनाम्यात कारण एकच लिहायचं असतं, आणि वेगात असलेला प्यालेला होता का, याचा शोध वेगाच्या रकान्यात लागत नाही. मेलेल्या चालकाच्या रक्ताची तपासणी दर वेळी होतेच असंही नाही.

अण्णांची मोटरसायकल रात्रभर माडाखाली राहिली. त्यांची क्वार्टर अकराला संपली होती. सकाळी साडेसहाला, देवगडची पहिली एसटी जायच्या सुमाराला, ते चावी मागायला येतात, अंघोळ केलेली, कपाळाला गंध. गल्ल्यावर झाडू मारणारा वेटर मनातल्या मनात मोजतो: दीडशे, तासाला पंधरा, साडेसात तास. अजून रेषेच्या वरच.

“बसा अण्णा,” तो म्हणतो, “आधी नाश्तो करा. घावणे टाकतंय.”